हार घातलेला कागद

मॅडमनी पेनाच्या टोकाने माझी हनुवटी वर उचलली.

बोटाने नाही, पेनाने. टोपण लावलेलं होतं, एवढी काळजी घेतली होती.

"जरा वर बघ. चेहरा दिसला पाहिजे." मग फोटोवाल्याकडे वळून म्हणाल्या, "पाटीसुद्धा येऊ द्या हं पूर्ण."

पाटी माझ्या हातात होती. शाळेतली असते तशी, लाकडी चौकटीची. तिच्यावर खडूने लिहिलेलं, 'पूरग्रस्त लाभार्थी क्र. ७'. माझ्या एका बाजूला गयाबाई, क्रमांक सहा. दुसऱ्या बाजूला आठ. बारा बायका, बारा पाट्या. सगळ्यांनी डोक्यावर पदर घ्यायचा, असं आधीच सांगितलेलं. मी एरवी डोक्यावर पदर घेत नाही. त्या दिवशी घेतला होता.

पहिलीत पाटी हातात आली तेव्हा तिच्यावर मी माझं नाव काढायला शिकले. अठ्ठाविसाव्या वर्षी पुन्हा पाटी हातात आली. तोवर मी बी.ए. झालेले होते, मंडळाची सेक्रेटरी होते. पाटीवर नाव नव्हतं, सात होतं.

आणि ज्या शिलाई मशीनसाठी ही रांग लावली होती ना, त्या मशीन मी मागवल्या होत्या. मी, माझ्या हाताने पत्र लिहून. मॅडमना हे पक्कं ठाऊक होतं.

हे असं कसं झालं ते सांगते. यात माझीही चूक आहे, ती लपवणार नाही.

आमची वस्ती नाशकात, नासर्डी नदीच्या काठाला. बहुतेक घरं बौद्धांची, थोडी मातंगांची. पुरुष सातपूरच्या कारखान्यांत पाळीला जायचे. बायका घरी शिवायच्या. मेन रोडच्या दुकानदारांकडून कापलेलं कापड यायचं, आम्ही शाळेचे गणवेश शिवून द्यायचो. गल्लीतून चाललं की दोन्ही अंगांनी मशीनचा आवाज. माझी आई तरुणपणी निफाडकडे द्राक्षाच्या बागांत मजुरीला जायची, पाठ गेली तेव्हा तिने मशीन घेतलं. मी त्याच मशीनवर शिकले, त्याच मशीनवर शिवून बाहेरून बी.ए. केलं. आई पायडल मारायची आणि मी तिच्या पायाशी बसून वाचायची. आवाज थांबला की माझं वाचनही थांबायचं.

नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं, मी दहावीत होते, तेव्हा वस्तीच्या मंडळाची नोंदणी झाली. ती नानांनी केली. नाना म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, सातपूरच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करून निवृत्त झालेले, वस्तीतला वडीलधारा माणूस. किती खेपा घातल्या त्यांनी सरकारी कचेरीत, याला गणती नाही. शेवटी प्रमाणपत्र आलं. शिक्का, सही, नंबर. त्या दिवशी वस्तीत ताशा वाजला. खोटं नाही सांगत, कागदासाठी ताशा वाजला.

नानांनी तो कागद चौकटीत बसवला आणि विहारात बुद्धाच्या तसबिरीशेजारी लावला. दर जयंतीला तसबिरीला हार पडायचा तसा त्यालाही पडायचा. झेंडूचा. कुणी हसू नये. आमच्या आज्या-पणज्यांनी सरकारी शिक्क्याचा कागद पाहिला तो दुसऱ्याच्या हातात, आणि तो दिसला की घर सोडावं लागायचं. आता तसलाच कागद आमच्या नावाने आला होता. आम्ही त्याला हार घातला. पण हार घातलेला कागद कुणी उतरवून वाचत नाही, हे तेव्हा आमच्यातल्या कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

मग पुढे बारा वर्षांनी तो पूर आला.

दोन दिवस वरच्या अंगाला पाऊस कोसळत होता. दुपारी नासर्डीचं पाणी गटारांतून उलटं आलं आणि तासाभरात घरात कमरेएवढं झालं. आम्ही पालिकेच्या शाळेत गेलो, वरच्या मजल्यावर. चौथ्या दिवशी परत आलो तर घरांत गुडघाभर गाळ. काही मशीन वाहून गेल्या, राहिल्या त्यांत चिखल घट्ट बसलेला. आईचं मशीन नालीत सापडलं, पायडल वर करून पडलेलं. त्याचा दांडा वाकला होता आणि चाक निघून गेलं होतं. त्यातून वाचला तो फक्त पेटीतला पेचकस.

विहार सखल जागी, तिथे पाण्याची रेघ भिंतीवर डोक्याएवढी चढली होती. पेटीतले मंडळाचे सगळे कागद लगदा झाले. पण चौकट कोरडी. रेघ तिच्या चार बोटं खाली थांबलेली. नानांनी त्या रेघेवर हात ठेवला. "बघ शेक्रेटरी," ते म्हणाले, "पाणी बी थांबलं. सरकारी शिक्का हाय."

मला ते तेव्हा खरं वाटलं.

हॉलंडची एक नर्स होती, मार्था. पुराच्या काही वर्षं आधी आरोग्य शिबिरासाठी नाशकात महिनाभर राहिली होती. रोज वस्तीत यायची आणि मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिचं बोलणं बायकांना सांगायची. ती गेल्यावर दर वर्षी तिचं एक कार्ड यायचं. पुरानंतर मी तिला पत्र लिहिलं. काही मागितलं नव्हतं. मशीनचा आवाज गेला एवढंच लिहिलं होतं. गल्लीतून चालताना आता स्वतःच्याच चपलांचा आवाज येतो, असं लिहिलं होतं.

तिचं उत्तर आलं. तिच्या गावच्या बायकांनी मिळून आमच्यासाठी बारा नव्या शिलाई मशीन घेतल्या होत्या. विचारलं होतं, कुणाच्या नावाने पाठवू?

मी पत्र वाचून दाखवलं तेव्हा विहारात बायका रडल्या. नाना म्हणाले, "मंडळाच्या नावानं मागव. आपलं मंडळ रजिस्टर हाय. कुणाच्या दारात जायची गरज नाय."

मी स्टुलावर चढले आणि चौकटीतला नोंदणीचा नंबर उतरवून घेतला. तेवढाच. बाकी कागदावर काय लिहिलंय ते वाचायचं मला सुचलं नाही. पत्रात मंडळाचं नाव, तो नंबर, खाली दोन रेघा. पत्र पोस्टात टाकून आले त्या दिवशी मी ताठ चालत होते.

माल मुंबईला आला आणि कस्टममध्ये अडकला. पत्र आलं की कागदपत्रं घेऊन या. झेरॉक्स काढून ठेवलेल्या होत्या, त्या पुरात गेल्या. मी म्हटलं, नाना, चौकट उघडू, कागद काढू. नानांनी मान हलवली. "चौकट उघडायची नाय. पुराला नाय भ्याली ती, कस्टमला काय भिईल? अशीच घेऊन जा. त्यांना बी दिसू दे."

नानांचे गुडघे धरलेले. मी एकटीच निघाले. सीबीएस स्टँडवरून मुंबईची एसटी पकडली, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली चौकट. शेजारच्या बाईने टॉवेलातून बाहेर आलेला वाळका हार पाहिला आणि हात जोडले.

कस्टमच्या टेबलावर टॉवेल सोडला तेव्हा झेंडूच्या वाळक्या पाकळ्या सांडल्या. टेबलामागच्या माणसाने वर पाहिलं.

"हे काय? देवाचा फोटो आणलाय?"

बाजूची दोन टेबलं हसली. तिसऱ्या टेबलावरचा माणूस उठून बघायला आला. मी म्हटलं, "आमच्या मंडळाचं प्रमाणपत्र आहे." मग तर जास्तच हसले. त्याने पट्टीने पाकळ्या टेबलाच्या कडेला सरकवल्या आणि खाली पाडल्या. काचेवर बोट ठेवून वाचलं.

तो माणूस वाईट नव्हता. हसून झाल्यावर नीट समजावलं त्याने. "बाई, ही नोंदणी इथली. परदेशातून काही घ्यायचं तर दिल्लीची परवानगी लागते. पैसेच असं नाही, वस्तू असली तरी. ती आहे का?"

"नाही. पण मशीन आमच्यासाठी पाठवल्यात. पत्रात लिहिलंय."

"पाठवणाऱ्याला पाठवता येतं. तुम्हाला घेता येत नाही. जास्त हट्ट केलात तर तुमच्यावरच केस व्हायची. कुठल्या तरी परवानगीवाल्या संस्थेच्या नावावर करून घ्या, नाहीतर माल परत जाईल."

पाठवणाऱ्याला पाठवता येतं, तुम्हाला घेता येत नाही. परतीच्या एसटीत कसारा घाट चढेपर्यंत तेच वाक्य डोक्यात. आपल्यावर पूर येतो तेव्हा कुणी परवानगी विचारत नाही. मदत आली की विचारतात. चौकट मांडीवर जड लागत होती. त्या बसमध्ये पन्नास माणसं असतील, पण यातलं एक अक्षर मला कुणाला सांगता येत नव्हतं. वस्तीत जाऊन तरी काय सांगणार होते? की ज्याला हार घातला तो कागद पुरत नाही?

परवानगी असलेला ट्रस्ट गंगापूर रोडला होता. बंगला, पुढे हिरवळ, मागे हॉल. तिथल्या मुख्य म्हणजे या मॅडम. त्या कधी ओरडून बोलत नसत. आवाज इतका मऊ की आपणच काहीतरी चुकीचं केलंय असं वाटावं. मला बसायला सांगितलं. समोर खुर्च्या होत्या, हात मात्र चपलांच्या मांडणीजवळच्या स्टुलाकडे केला.

सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, इतक्या मोठ्या गोष्टीत कशाला हात घालायचा? मार्ग असतात, नाही असं नाही. पण तुम्हाला नाही झेपायचे. आमच्या नावावर करून दे. मशीन तुमच्या बायकांनाच मिळतील."

मार्ग असतात, असं त्या म्हणाल्या. आणि मी, मंडळाची सेक्रेटरी, बी.ए. झालेली बाई, मी विचारलं नाही की कोणते मार्ग? मी मान डोलावली. आपल्यासाठी कुणी मऊ बोललं की आपण लगेच विरघळतो, ही खोड मला तेव्हा होती. मंडळातर्फे ना-हरकत पत्र दिलं. खाली नानांची सही आणि माझी.

मशीन सुटल्या. वस्तीने गल्ली झाडली, विहारापुढे रांगोळी काढली, कारण टेम्पो येणार होता. टेम्पो आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी पुन्हा गंगापूर रोडला गेले. हॉलमध्ये बारा मशीन ओळीने मांडलेल्या. नव्याकोऱ्या, तेलाचा वास येणाऱ्या.

मॅडम म्हणाल्या, "कायद्याने मला त्या तुमच्या मंडळाला देता येत नाहीत गं. तुम्हाला परवानगी नाही. दिल्या तर आमचीच परवानगी जाईल. मशीन इथेच राहतील, ट्रस्टच्या. आपण इथे शिवणकेंद्र काढू. तुमच्या बायकांनी यायचं, शिवायचं, जायचं. लाभ त्यांनाच ना शेवटी?"

मी आता तो कायदा वाचलाय. म्हणून सांगते, त्या खोटं बोलत नव्हत्या. शब्दाने नाही. परवानगी असलेल्याने परवानगी नसलेल्याला परदेशी मदत पुढे द्यायची नाही, हे खरंच होतं. कायदा त्यांच्या बाजूला उभा होता आणि त्याला माझं नावसुद्धा माहीत नव्हतं.

वस्तीत मी हे सांगितलं तेव्हा कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. गयाबाई, जिच्या मुलीचं बाळंतपण माझ्या आईने केलं, ती एवढंच म्हणाली, "सही तूच केली ना? मग झालं." हळूहळू शेक्रेटरी हा शब्द वेगळ्या सुरात यायला लागला. पाणी भरायला गेले की नळावरची बोलणी थांबायची. कुणीतरी उठवलं की मीच मशीन ट्रस्टला विकल्या. माझ्याच दारात माझं मशीन नव्हतं, तरी उठवलं.

अशात निरोप आला की हॉलंडच्या पाहुण्या येणार आहेत. सगळ्या लाभार्थींनी हजर राहावं. साध्या साड्या, डोक्यावर पदर. मीही गेले, कारण मार्था येणार होती. तिला पाहिलं की सगळं सरळ होईल, असं मला मूर्खासारखं वाटत होतं.

म्हणून पाटी. म्हणून हनुवटीखाली पेन.

फोटो झाले. गाडी आली. मार्था उतरली, केस पांढरे झालेले, जरा वाकलेली. ती आमच्या रांगेपुढून चालत आली. प्रत्येकीला हात जोडत होती. माझ्यापुढे आली, माझ्या पाटीकडे पाहिलं, हात जोडले आणि पुढे गेली.

तिने मला ओळखलं नाही. पुरानंतर मी वाळले होते, डोक्यावर पदर होता, आणि तिची नजर पाटीवर होती. मी तिला दोष देत नाही. आकडा वाचला की पुढचा चेहरा कोण बघतो?

रांग संपल्यावर तिने मॅडमना इंग्रजीत विचारलं, "ती सेक्रेटरी कुठे आहे? जिने मला पत्र लिहिलं ती?"

मॅडम इंग्रजीत म्हणाल्या, "ती येऊ शकली नाही. या सगळ्या लाभार्थी. यांना इंग्रजी येत नाही."

मला शब्द न् शब्द कळला. माझ्यापासून चार हातांवर माझ्याबद्दल विचारणं चाललं होतं आणि मी तिथे नव्हते. ज्या इंग्रजीसाठी मी आईच्या पायाशी बसून शब्द पाठ केले, तीच भाषा वापरून मला पुसून टाकलं होतं.

मी पाटी खाली केली. डोक्यावरचा पदर मागे टाकला. रांगेतून एक पाऊल पुढे आले.

"आय ॲम द सेक्रेटरी," मी म्हटलं. "आय रोट द लेटर."

आवाज फाटला होता. पण मोठा होता. हॉलभर गेला.

मग मॅडमकडे बघून मराठीत म्हणाले, "मी येऊ शकले आहे."

मार्थाने तोंडावर हात ठेवला. धावत आली. माझे हात धरले, रडली, माझं नाव घेतलं. तिथे त्या दिवशी तेवढंच एकदा माझं नाव उच्चारलं गेलं. मॅडम भराभर इंग्रजीत सांगत होत्या, कायदा, परवानगी, दिल्ली, आम्ही मदत केली नसती तर माल परत गेला असता. मार्थाने माझे हात न सोडता ऐकलं. शेवटी विचारलं, "म्हणजे कायदाच तसा आहे?"

"हो," मॅडम म्हणाल्या.

मग तिने माझे हात सोडले. "सॉरी," म्हणाली. फार मनापासून म्हणाली. आणि तिला चहाला आत नेलं.

एवढंच झालं. मला वाटलं होतं की खरं मोठ्याने बोललं की भिंती हलतात. नाही हलत. चहाच्या कपांचा आवाज आला आतून. रांगेतल्या बायका माझ्याकडे बघत नव्हत्या. गयाबाई पुटपुटली, "तुझ्या एका बोलण्यापायी आमचं बी जायचं आता."

मी निघाले. बसस्टॉपवर आले तेव्हा लक्षात आलं, पाटी हातातच होती.

दुसऱ्या दिवशी ट्रस्टचा माणूस दारात. "पाटी द्या. ट्रस्टची मालमत्ता आहे."

मला हसू आलं. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा. "लेखी मागणी आणा," मी म्हटलं. "ट्रस्टच्या कागदावर. शिक्का मारून." तो परत आला नाही.

केंद्र सुरू झालं. बायका सकाळी एकत्र निघायच्या, दोन बस बदलून गंगापूर रोडला जायच्या, संध्याकाळी यायच्या. कशासाठी शिवायच्या, कुणासाठी, ते मॅडम ठरवायच्या. सात नंबरच्या मशीनवर दुसरी कुणी बसली. दिवसभर गल्लीत मी आणि आई. घड्याळाची टिकटिक ऐकू यायची. आईने एकदाच तो विषय काढला. म्हणाली, "बोललीस ते लय बरं केलंस. पन आता शिवशील कशावर?"

ती रागाने म्हणाली नव्हती म्हणून जास्त लागलं.

एका दुपारी मी विहारात गेले. कुणी नव्हतं. स्टुलावर चढून चौकट उतरवली, हार काढून बाजूला ठेवला. आईच्या मशीनचा पेचकस आणला होता. मागच्या पट्टीचे खिळे एकेक करून उपसले.

पुठ्ठा काढला तर प्रमाणपत्राच्या मागे चार कागद घडी करून ठेवलेले. मंडळाची घटना. नोंदणीच्या वेळी कोर्टाबाहेरच्या कुणा टायपिस्टने टाइप केलेली, नमुन्यावरून उतरवलेली असणार. जपून राहावी म्हणून नानांनी मागे खोचली होती. मी जमिनीवर बसून वाचायला लागले. नाव, पत्ता, उद्देश, सभासद. कलम अकराशी आले आणि थांबले.

'मंडळास परदेशातून पैसा अगर वस्तू या स्वरूपात मदत घ्यावयाची झाल्यास मंडळाने केंद्र सरकारची आगाऊ परवानगी घ्यावी.'

ते कलम बारा वर्षं आमच्या भिंतीवर होतं, हाराखाली. स्टुलावर चढून मी नंबर उतरवला तेव्हा ते माझ्या नाकापासून वीतभर होतं. मार्थाला उत्तर लिहिण्याआधी हे वाचलं असतं, तर तिला कळवलं असतं, थांब, आधी अर्ज करते. मी त्या फरशीवर बसून रडले. मशीनसाठी नाही. मॅडमनी केलेल्या अपमानासाठी पण नाही. वाचायला येत असून वाचलं नाही, त्यासाठी.

नाना काठी टेकत आले. उघडी चौकट पाहून काठी आपटली. "कुणाला इचारून उघडली?"

मी कलम मोठ्याने वाचून दाखवलं. दोनदा. नाना भिंतीला टेकून खाली बसले. म्हणाले, "मला नीट वाचता कुठं येतंय पोरी. मी शिक्का बघितला. शिक्का खरा व्हता."

"शिक्का खराच आहे नाना," मी म्हटलं. "मला येतं ना वाचता. मी वाचायला पाहिजे होतं."

त्यांच्यावर मला रागवता आलं नाही. त्या माणसाने आमच्यासाठी कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर गुडघे झिजवले होते. वाचायचं काम त्याच्या पुढच्या पिढीचं होतं, म्हणजे माझं.

त्याच आठवड्यात मी शेवटची गंगापूर रोडला गेले. स्टुलावर बसले नाही, उभी राहिले. विचारलं, "तुम्ही म्हणाला होतात, मार्ग असतात. मदत येण्याआधी आमच्यासारख्या मंडळालाही परवानगी मागता येते, हाच ना तो मार्ग?"

मॅडमनी चष्मा काढला. नाही म्हणाल्या नाहीत. त्याच मऊ आवाजात म्हणाल्या, "हो. पण तुम्हाला कोण देणार?"

पेन हनुवटीला लागलं तेव्हा मी सहन केलं होतं. हे मात्र आत कुठेतरी जाऊन बसलं. त्यांना मार्ग माहीत होता, आमचं मंडळ बारा वर्षं काम करत होतं हेही माहीत होतं. फक्त आम्ही मागू शकतो, ही गोष्ट त्यांच्या मनात शिरत नव्हती. आणि खरं बोलायचं तर तोवर माझ्याही मनात शिरली नव्हती.

मी कोर्टाबाहेरच्या टायपिंगच्या दुकानात नोकरी धरली. वकिलांचे अर्ज टाइप करता करता अर्ज कसा लिहितात ते शिकले. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून तो कायदा आणला, डबा खाता खाता वाचला. समजेना तिथे वकिलांना विचारलं. काही सांगायचे, काही म्हणायचे, तुला काय करायचंय? मी म्हणायचे, मला घ्यायचंय.

त्या वर्षी जयंतीला मी प्रमाणपत्राला हार घालू दिला नाही. बुद्धाला घातला. चौकट रिकामीच टांगली आणि कलम अकरा सभेत वाचून दाखवलं. लोक चिडले. बाटगी झाली का काय, असंही कुणी म्हणालं. नाना उठून काही बोलतील असं वाटलं होतं. ते उठले, आणि माझ्या शेजारी येऊन बसले.

मंडळाच्या नावाने मदत घ्यायच्या परवानगीचा पहिला अर्ज दिल्लीहून परत आला. त्रुटी होत्या. दुसराही आला. प्रत्येक वेळी पोस्टमन पाकीट देऊन जातो तेव्हा गल्लीतल्या खिडक्या उघडतात आणि बंद होतात. सोबत कुणी येत नाही. रजिस्टर पोस्टाच्या रांगेत मी एकटीच असते. आता त्याची सवय झाली असं म्हणणार नाही. सवय होत नाही. गल्लीतून परतताना स्वतःच्याच चपला ऐकत येते.

पण कलम अकराच्या झेरॉक्स मी बाराही घरांत दिल्यात. गयाबाईने मुकाट घेतली. परवा नळावर तिने हळूच विचारलं, "ते आगाऊ म्हंजी किती आगाऊ?" मी सांगितलं. नळ वाहत होता तरी तिने घागर लावली नाही, पूर्ण ऐकून घेतलं.

पाटी माझ्या घरात आहे. सातचा आकडा पुसला. दिल्लीचं पत्र आलं की त्यांनी काय काय मागितलंय ते मी तिच्यावर खडूने लिहून काढते. जो कागद मिळाला तो पुसते. ठराव मिळाला, पुसला. कामाचे अहवाल लिहिले, पुसले. देणाऱ्याचं पत्र हवं होतं, मार्थाला लिहिलं आणि मागवलं, पुसलं. तिसरा अर्ज गेलाय. आता पाटीवर एकच शब्द उरलाय, परवानगी.

नासर्डीला पाणी पुन्हा येणार आहे. ते विचारून येत नाही. त्याआधी तो शब्द मी पुसणार. तिसऱ्याने नाही तर चौथ्या अर्जाने, चौथ्याने नाही तर दहाव्याने. आणि माझ्या वस्तीतल्या कुठल्याही बाईच्या हातात पुन्हा कुणी पाटी दिली, तर ती तिथेच फोडायला मी हजर असेन.